तीन काळे चौकोन

१

सात नंबरच्या खाटेवरचा शिंपी मंगळवारी दुपारी गेला, आणि पंधरा पावलांवर बसलेल्या नर्सला ते बराच वेळ कळलं नाही.

कळायला हवं होतं. शिंप्याच्या छातीला तारा लावलेल्या होत्या. ठोके चुकले की खाटेशेजारचं यंत्र हाक मारी आणि ती हाक वॉर्डच्या टोकाला, नर्सच्या टेबलावर घंटा होऊन वाजे. खाटेजवळचा आवाज मुद्दाम बंद ठेवलेला असे. इतर पेशंटची झोपमोड नको म्हणून. त्यामुळे सगळी भिस्त हाक टेबलापर्यंत पोचवणाऱ्या एका मशीनवर होती. हॉस्पिटलात त्याला ‘घंटी’ म्हणत. मंगळवारी दुपारी दोनला घंटी बंद झाली. खाटेशेजारच्या यंत्राने दोन वीसला हाक मारली तेव्हा ती पुढे न्यायला कोणी नव्हतं. दोन पंचावन्नला नर्स गोळी घेऊन गेली, तर शिंप्याचा हात गार लागला.

बुधवारी सकाळी नऊला अधीक्षक बाईंनी ताईला बोलावून घेतलं. ताई क्ष-किरण विभागात किरणांची मात्रा मोजायचं काम करी. त्याआधी सहा वर्षं ती तळघरातल्या संगणक विभागात होती. मितभाषी बाई. आकडा दोनदा तपासल्याशिवाय तोंडातून काढत नसे. सोमवार-मंगळवार ती रजेवर होती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ते दोन दिवस डोळ्यात थेंब घालण्यात, रांगांमध्ये उभं राहण्यात आणि उभ्या उभ्याच कामाच्या मेसेजना एकेका ओळीची उत्तरं देण्यात गेले होते.

“आई कशी आहे?” अधीक्षक बाईंनी विचारलं, पण उत्तरासाठी थांबल्या नाहीत. “घंटी आपोआप बंद पडलेली नाही. ‘बंद करू का?’ असं तिने पडद्यावर विचारलं होतं. कोणीतरी हो म्हटलं. तुमच्या जुन्या विभागाचे साहेब म्हणतात, त्या वेळी खोलीत एकटे काका होते.”

“एक्स्चेंजकाका?”

“तेच. आज चार वाजता चौकशी आहे. त्यानंतर कागद पोलिसांकडे जातील. त्याआधी एकदा तुम्ही बघा. तुम्हाला तिथलं सगळं माहीत आहे, आणि आता तुमचा तिथे काही संबंध उरलेला नाही.”

ताई बाहेर आली. बाकावर एक बाई मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसली होती. पिशवीतून कपडे मोजायच्या टेपचं पिवळं टोक डोकावत होतं.

“कळलं का काही?” बाईने विचारलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती हेच विचारत असावी.

“अजून नाही,” ताई म्हणाली.

“नवरा होता माझा. टेप गळ्यात घालूनच दाखल झाला. म्हणाला, दोन दिवसांनी पुन्हा लागेलच की.” बाईने टेपचं टोक आत सारलं. “कोणी केलं तेवढं सांगा मला. दुसरं काही मागत नाही.”

२

काकांना जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. तीस वर्षं त्यांनी याच खोलीत बसून हॉस्पिटलचे फोन जोडले होते. एक्स्चेंज बंद झालं तसं त्यांना तळघरात पाठवलं, आणि खोली मोडक्या खुर्च्यांची झाली. त्यातलीच एक, तीन पायांची, भिंतीला टेकवून काका बसले होते. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

“ये पोरी. बसायला मात्र आख्खी खुर्ची मागू नकोस.”

“काका, दोन वाजता तुम्ही काय करत होता?”

“भिंत बघत होतो.”

भिंत म्हणजे काय हे ताईला सांगायची गरज नव्हती. तळघरात एक जाडजूड यंत्र होतं आणि त्याच्या पोटात चौसष्ट मशीनं. हात लावायला एकही नाही, सगळी व्हर्च्युअल. घंटी त्यातलीच एक. प्रत्येकाला स्वतःचा पडदा होता, पण तो कुठल्याच टेबलावर मांडलेला नव्हता. पाहायचा झाला तर मोठ्या यंत्राकडे मागावा लागे. चौसष्ट वेळा कोण मागत बसणार? म्हणून ताईने चार वर्षांपूर्वी एक स्क्रिप्ट लिहिली, आपोआप चालणाऱ्या हुकमांची यादी. दर तासाच्या ठोक्याला ती निघे, एकेका मशीनच्या पडद्याचा फोटो काढी आणि चौसष्ट फोटो चौकोनाला चौकोन लावून भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर मांडी. दारोदार फिरते म्हणून तिचं नाव पडलं ‘फेरीवाली’.

“फेरीवाली निघायची वेळ झाली की मी उठून भिंतीसमोर उभा राहतो,” काका म्हणाले. “टेबल माझ्या पाठीमागे होतं. बटणाला बोट लागलेलं नाही माझं.”

“खोलीत आणखी कोण होतं?”

“कंपनीचा इंजिनिअर दीडलाच वर गेला. मी एकटाच होतो. खोटं कशाला सांगू? तीस वर्षं लोकांची बोलणी जोडली, त्यातलं एक इकडचं तिकडे केलं नाही.”

ताईने वहीत वेळ लिहिली. “भिंतीवर काही वेगळं दिसलं?”

काका जरा घुटमळले. “हसशील. मंगळवारी सकाळी आलो तर भिंतीवर मुंग्या.”

“मुंग्या?”

“खऱ्या नव्हेत. एरवी एकेका चौकोनात वर ओळभर अक्षरं असतात आणि खाली सगळं काळं. मंगळवारी अक्षरांची रांग खाली उतरत होती. दर तासाला आणखी एक पाऊल खाली. आणि ते तीन चौकोन, जे कायम काळे ठिक्कर असायचे ना, तेही उजळले होते. नऊ वाजता साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘काका, आज तळघर बघायला पाहुणे येतायत. भिंत भरलेली दिसली तर बरंच आहे की.’ पाहुण्यांवर भारी जीव त्यांचा. मला खुर्च्या पुसायला लावल्या. पाहुण्यांचे बूट पुसायला लावले नाहीत हेच नशीब.”

ते हसले, पण हसू ओठांपाशीच विझलं.

“नर्सच्या टेबलावर माझी लेक होती, माहीत आहे ना?”

ताईला माहीत नव्हतं. तिची पेन्सिल थांबली.

“सात नंबरचा पेशंट तिचा. तिची आई गेल्यापासून घरी आम्ही दोघंच. काल मी स्वयंपाक केला, तर ताटावरून उठून गेली. एवढंच म्हणाली, ‘बाबा, हात लागला असेल तर सांगून टाका.’” काकांनी खुर्चीचा मोडका पाय चाचपला. “पोलिसांचं काय, ते येतील नि जातील. पण तिला वाटतंय मी खोटं बोलतोय.”

३

कंपनीचा इंजिनिअर कँटीनच्या कोपऱ्यात गार झालेल्या चहासमोर बसला होता. रात्रभर झोपला नसावा.

“घंटीवर नवं सॉफ्टवेअर चढवत होतो मी,” तो म्हणाला. “शेवटच्या पायरीला तिचं काम दोन मिनिटं थांबवावं लागतं. तिने विचारलं, ‘सेवा थांबवू का? होय किंवा नाही.’ मी तिथेच सोडलं आणि वॉर्ड किती वाजता मोकळा असतो ते विचारायला वर गेलो. पाच वाजता करायचं ठरलं.”

“प्रश्न तसाच उघडा ठेवून?”

“मॅडम, तिथे काकांशिवाय चिटपाखरू नसतं. कोण येऊन दाबणार होतं?”

“उत्तर द्यायचं तर ‘होय’ लिहावं लागतं?”

त्याने मान खाली घातली. “लिहिलं तरी चालतं. काही न लिहिता नुसतं एंटर दाबलं तरी ती होय धरते. आमच्याकडे तसंच बनवलंय.”

“आणि नोंद काय म्हणते?”

इंजिनिअरने फोन पुढे केला. दोन वाजून शून्य मिनिटं, सात सेकंद. उत्तराच्या जागी काहीच नव्हतं.

ताईने तो आकडा वहीत उतरवला आणि मनात हिशोब मांडला. माणसाला बटण दाबायचं असेल तर तो घड्याळाच्या ठोक्याची वाट कशाला पाहील? ठोक्याला निघते ती फेरीवाली. एकेका मशीनपाशी तिला दोन सेकंद लागतात. घंटीचा नंबर चौथा. तीन मशीनं, सहा सेकंद. सातव्या सेकंदाला फेरीवाली घंटीच्या दारात.

“घंटी पुन्हा कधी चालू केलीत?”

“तीन वाजून पाच मिनिटांनी. पार पहिल्यापासून सुरू केली. लॉगिनची ओळ आली तसा वॉर्डकडे पळालो. त्यानंतर तिच्या पडद्याला मी हात लावलेला नाही, शप्पथ.”

फेरीवाली फक्त पाहत असती तर तिच्यावर कोणाला संशय घेता आला नसता. पण तिला एक खोड होती, आणि ती ताईनेच लावलेली होती. मशीनचे पडदे दहा मिनिटं कोणी हात लावला नाही की झोपतात, काळे होतात. फोटो काढला तर तोही काळा. म्हणून फोटोआधी फेरीवाली प्रत्येक मशीनवर एक बटण दाबून पडदा जागा करी. बटण शिफ्टचं. एकटं शिफ्ट दाबलं तर काही उमटत नाही आणि काही ठरत नाही. बदलून कोणी एंटर केलं असेल तर गोष्ट वेगळी.

ती जिना उतरून तळघरात गेली. संगणक विभागाचे साहेब दारातच भेटले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात तीन किल्ल्या, चेहऱ्यावर जागरण.

“या मॅडम. बाईंनी सांगितलं मला. बघा, काय हवं ते बघा. लपवण्यासारखं आहे काय आमच्याकडे?”

“फेरीवाली बघायची आहे.”

साहेबांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. त्या टेबलाला बाहेरून वाट नव्हती. फेरीवालीत काही बदलायचं तर याच खुर्चीत बसून बदलावं लागे, आणि खोलीच्या दाराला कार्ड होतं. ताईने स्क्रिप्ट उघडली. तिचीच अक्षरं. चाळिसाव्या ओळीवर तिने लिहिलेली सूचना होती: ही ओळ बदलू नये. आणि खाली ती ओळ.

शिफ्ट.

फाइलची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती, ताई विभाग सोडून गेली त्या आठवड्याची.

“कालचे फोटो?”

“डिस्क भरली होती. जुने पुसताना कालचेही गेले बघा.” साहेबांनी हात झटकले. “काकांना तीन दहाला बाहेर काढलं, त्यांचं कार्ड मी काढून घेतलं. लगेच सव्वातीनला फेरीवाली बंद केली. तेव्हापासून इथल्या कशालाही कोणी शिवलेलं नाही. झालं समाधान?”

झालं होतं. शिफ्टने घंटी बंद होत नाही. फेरीवाली निर्दोष होती, आणि खोलीत एकटे काका होते.

४

जिन्यात नर्स उभी होती. काकांसारखंच रुंद कपाळ. तिच्या हातात डबा होता.

“तुम्ही बाबांना भेटलात ना? हा देता का त्यांना?”

“तू का नाही देत?”

“मला बघून ते उगाच हसतात.” तिने डबा घट्ट धरला. “ताई, मी पाऊण तास त्या टेबलाशी होते. टेबलावरचा पडदा हिरवागार. हिरवा म्हणजे सगळं ठीक, असंच शिकवलंय आम्हाला. घंटी बंद असली तरी तो शेवटचा रंग धरून बसतो, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. अकरा पेशंट. मधे उठून चार नंबरची जखम बांधली. वळून नुसतं पाहिलं असतं तरी...” तिने वाक्य सोडून दिलं. “फोटोत माणूस जिवंत दिसतो, म्हणून तो जिवंत असतो का?”

ताई एक पायरी उतरली आणि थांबली.

साहेबांनी फोटो पुसले होते. पण ज्यांचे फोटो काढले ते पडदे? त्या मशीनांच्या कन्सोलवर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पडद्यापुढे, महिनोन्‌महिने कोणी बसत नसे. मंगळवारी तिथे जे उमटलं असेल ते कोणी पुसलेलं नव्हतं. पडदे झोपले होते, एवढंच.

“डबा तूच दे,” ती नर्सला म्हणाली. “आणि हसले तर हसू दे.”

तिने अधीक्षक बाईंची चिठ्ठी आणली. साहेब वर मीटिंगला गेले होते. सुरक्षा रक्षकाने दार उघडलं आणि तो दारातच उभा राहिला. यंत्रांची एकसुरी घरघर चालू होती. भिंतीवरचा टीव्ही मात्र काळा. ताईने मोठ्या यंत्राकडे पहिल्या मशीनचा पडदा मागितला. काळा चौकोन आला. तिने आपल्या बोटाने शिफ्ट दाबलं, एकदाच, हलकेच.

पडदा उजळला.

लॉगिनची ओळ एकच असते. मशीन सुरू झालं की ती येते आणि कोणी नाव लिहीपर्यंत वाट पाहते. शिफ्ट दाबा, कितीदाही दाबा, ओळ एकच राहते. पण नाव न लिहिता एंटर दाबलं की मशीन पुन्हा विचारतं. खाली आणखी एक ओळ येते. पुन्हा एंटर, पुन्हा ओळ.

पहिल्या मशीनच्या पडद्यावर लॉगिन, लॉगिन, लॉगिन, वरपासून तळापर्यंत एकाखाली एक, मुंग्यांची रांग लागावी तशी अक्षरं उतरत गेली होती.

५

तिने ओळी मोजल्या. तेवीस. पुन्हा मोजल्या. दुसरं मशीन उघडलं, तेवीस. पाचवं, अकरावं, चाळिसावं, तेवीस. कायम काळे असणारे तीन चौकोनही तिने उघडून पाहिले. ते शिफ्टला जागे झाले नाहीत, तेव्हा तिने ते तसेच राहू दिले. आणखी एंटर दाबायची तिची छाती झाली नाही.

मूळची एक वजा केली तर बावीस जादा. बावीस वेळा फेरीवाली एंटर दाबून गेली होती.

सगळ्यात शेवटी तिने घंटीचा पडदा मागितला.

दोन ओळी.

ताई खुर्चीत मागे टेकली आणि वहीचं कोरं पान काढलं. घंटी मंगळवारी तीन पाचला नव्याने सुरू झाली. तेव्हा तिच्या पडद्यावर एक ओळ होती. दुसरी आली ती त्यानंतरच्या एंटरने. त्यानंतरचा पहिला ठोका चारचा. म्हणजे चार वाजता फेरीवाली फिरत होती, आणि एंटर दाबत फिरत होती. पाचला फिरली नाही, नाहीतर तीन ओळी असत्या. साहेब म्हणाले होते, सव्वातीनला बंद केली. मग चारला आली कोण?

आणि चार वाजता काका कुठे होते? तीन दहालाच त्यांचं कार्ड काढून घेतलेलं. एंटरचं शिफ्ट चारनंतर झालं, काका खोलीबाहेर असताना. जुनी प्रत आणून ठेवली की तारीखही जुनीच दिसते.

आता मागे. शेवटचा एंटर मंगळवारी चारचा. तिथून बावीस ठोके उलटे मोजले की पहिला एंटर सोमवारी संध्याकाळी सातचा. म्हणजे शिफ्टचं एंटर सोमवारी सहा ते सातच्या दरम्यान झालं. काका पाचला घरी जातात. इंजिनिअर मंगळवारी सकाळी दहाला पहिल्यांदा आला. तिने रक्षकाला दाराच्या नोंदी विचारल्या.

“सोमवारी? पाचनंतर साहेब एकटेच होते. साडेसातला गेले,” रक्षक म्हणाला. “पाहुण्यांची तयारी चालली होती.”

काल दुपारी चार ते पाच? साहेब. दोन्ही वेळा आत असलेला माणूस एकच.

कोडं सुटलं होतं. तरी ताईचा हात वहीवरून उठेना. सोमवारी, सहा ते सात. त्या तासाला ती स्वतः कुठे होती? डोळ्यांच्या दवाखान्यात, औषधाच्या खिडकीसमोर, आईचा हात एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात.

तिने फोन काढला. सोमवारचे मेसेज उघडले.

सहा बावीस. साहेब: ‘भिंतीवर तीन चौकोन काळे येतायत. उद्या पाहुणे आहेत. काय करू?’

सहा तेवीस. तिचं उत्तर: ‘बटण बदलून बघा.’

ती ते विसरूनही गेली होती. खिडकीतल्या माणसाने त्याच क्षणी आईचं नाव पुकारलं होतं.

“वाचलंत?” मागून आवाज आला. साहेब दारात होते. रक्षकाला त्यांनी मानेनेच बाहेर पाठवलं. त्यांची नजर पडद्यावरच्या दोन ओळींवर गेली आणि तिथेच खिळली. लपवायचं काही उरलं नाही, हे त्यांना समजायला वेळ लागला नाही.

“मला एक तास काही सुचेना,” ते म्हणाले. “साडेचारला कुठे ट्यूब पेटली, फेरीवालीनेच दाबलं असणार. मग हात आपोआप चालले. मॅडम, मी कोणाला मारायला निघालो होतो का? तीन चौकोन काळे होते. पाहुण्यांनी विचारलं असतं, हे बंद का? तुम्हाला विचारलं मी. तुम्ही सांगितलंत, बदला.”

“मी एंटर म्हटलं नव्हतं.”

“एंटर नको, असंही म्हटलं नव्हतं. ओळीवर लिहून ठेवलंत, बदलू नये. का बदलू नये ते लिहिलंत कुठे?”

ताईने ती चाळिसावी ओळ आठवली. लिहिलं नव्हतं. स्वतःला माहीत होतं म्हणून लिहायचं सुचलंच नव्हतं.

“मंगळवारी सकाळी काकांनी तुम्हाला सांगितलं होतं,” ती सावकाश म्हणाली. “मुंग्या उतरतायत म्हणून. नऊ वाजता. तेव्हा पाच तास हातात होते.”

साहेबांनी नजर चुकवली. मग खुर्ची जवळ ओढून ते हलक्या आवाजात बोलू लागले. “ऐका. काका दोन महिन्यांनी घरी बसणारच आहेत. मी बाईंकडे शब्द टाकतो. पोलीस नको, वयामुळे हात लागला, एवढ्यावर मिटेल. नाहीतर हा मेसेज मला दाखवावा लागेल. तुमची इतक्या वर्षांची नोकरी आहे. घरी आई आहे. विचार करा.”

घड्याळात पावणेचार झाले होते.

६

चौकशी अधीक्षक बाईंच्या खोलीत झाली. टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि इंजिनिअर, दुसऱ्या बाजूला काका. दाराशी नर्स उभी होती. डबा तिच्या हातात नव्हता.

ताईने बावीस जादा ओळींचं सगळं सांगितलं. घंटीच्या दोन ओळी सांगितल्या. सोमवारची वेळ सांगितली, चारचा ठोका सांगितला. ती बोलत असताना काका मान तिरकी करून ऐकत होते, लाइनवर दूरचा आवाज ऐकावा तसे. ‘काका त्या वेळी खोलीत नव्हते’ हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी दाराकडे पाहिलं. नर्सने पदर नसलेल्या खांद्यावर उगाच हात फिरवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

साहेबांचा हात खिशाकडे गेला.

“थांबा,” ताई म्हणाली. “ते मी वाचते.”

तिने फोन काढला आणि दोन्ही मेसेज वाचले, वेळेसकट. आवाज सपाट ठेवायचा तिने प्रयत्न केला. ‘बदलून’ या शब्दापाशी तो फाटला.

“हे तुम्ही न सांगताही काका सुटले असते,” अधीक्षक बाई म्हणाल्या.

“सुटले असते.”

“मग?”

“मग बावीसचा हिशोब अर्धाच राहिला असता, बाई. पडदा पाहायला बनवलेल्या वस्तूला मी बटण दाबायला शिकवलं. शिफ्ट काय, एंटर काय, तिने हात लावायला नको होता. काळे चौकोन दिसले असते तर दिसू द्यायचे होते.”

अधीक्षक बाई बराच वेळ लिहीत राहिल्या. साहेबांना त्यांनी कार्ड आणि किल्ल्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. इंजिनिअरला बसवून ठेवलं. ताईला म्हणाल्या, “तुमचंही नाव कागदात जाईल. पोलीस विचारतील.”

“विचारू देत.”

काका उठले. दारापाशी नर्सने त्यांची पिशवी हातातून घेतली. जिन्याच्या तोंडाशी ते एक क्षण थांबले, आणि तिने त्यांच्या कोपराला धरून पहिली पायरी उतरवली. त्यांना आधाराची गरज नव्हती तरी.

बाकावर शिंप्याची बायको अजून बसली होती. या वेळी तिने नुसतं वर पाहिलं.

ताई तिच्या शेजारी बसली. सांगायचे शब्द तिने चौकशीत सगळे वापरून टाकले होते. फेरीवाली, कन्सोल, एंटर. इथे त्यातला एकही चालणार नव्हता.

“एक बटण होतं,” ती म्हणाली. “ते दाबलं गेलं म्हणून घंटा वाजली नाही. माणसाने दाबलं नाही. आम्ही बनवलेल्या एका वस्तूने दाबलं.”

बाईने टेप पिशवीतून काढून बोटाभोवती गुंडाळायला सुरुवात केली. “वस्तूने कसं दाबलं? वस्तूला कोणीतरी सांगितलं असेल ना?”

“तिघांनी. एकाने प्रश्न उघडा ठेवला. एकाने बटण बदललं, आणि नंतर ते लपवलं.”

“आणि तिसरा?”

टेप सुटून ताईच्या मांडीवर पडली. तिने ती उचलली, टोकाला टोक जुळवून नीट गुंडाळली आणि बाईच्या हातात दिली.

“मी,” ती म्हणाली. “माझ्यापासूनच सांगते.”